मला लिंबं न विकणाऱ्या आक्का

मंडईतल्या भाजीवाल्यांकडे माझ्यावर चिडायला भरपूर कारणं आहेत. मी मेथीची जुडी सोडून बघतो, टोमॅटो दाबतो, भाव विचारून पुढे जातो आणि परत येताना मुद्दाम दुसऱ्या बोळातून येतो. तरीही आजवर "तुम्हाला माल देणार नाही" असं मला एकही भाजीवाला म्हणाला नाही. म्हणाल्या त्या फक्त ढमाले आक्का. आणि त्या चिडल्या होत्या म्हणून नव्हे. त्यांनी मला नुकतंच ध्यान शिकवलं होतं म्हणून!

थांबा, नीट सांगतो. आक्कांचा विषय निघाला की माझं असंच होतं. सीमा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तू आक्कांबद्दल बोलतोस तेव्हा लहान मुलाने सर्कस सांगावी तसं सांगतोस. आधी हत्ती, मग तिकीट." तर आधी तिकीट.

माझं ब्लडप्रेशर वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गोळी सुरू करू, पण जरा ध्यानबिन करा." मी माणूस संगणकावर पोट भरणारा, ताबडतोब तीन ॲप उतरवून घेतली. एकात एक बाई इंग्रजीतून म्हणायची की तुम्ही समुद्रकिनारी आहात अशी कल्पना करा. आता कुठला समुद्र? दिवेआगर घेतलं तर पार्किंगची आठवण यायची, गणपतीपुळे घेतलं तर रांगेची. समुद्र ठरेपर्यंत वीस मिनिटं संपायची. मग एक गोल उशी मागवली. त्या उशीवर मी दोनदा बसलो. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्यांचं मांजर बसायला लागलं, आणि खरं सांगतो, ते माझ्यापेक्षा फार चांगलं बसायचं.

अशातच एके दुपारी सीमाने लिंबं आणायला पिटाळलं. आक्कांचा गाळा मंडईच्या आतल्या अंगाला. माल म्हणजे लिंबं, आलं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, बास. माझ्या कानाला फोन, फोनवर ऑफिसातला एक माणूस, आणि त्याचं म्हणणं होतं की सगळी चूक माझी आहे. ते खरं असल्यामुळे मी जोरात बोलत होतो. पैसे दिले आणि निघालो. पायऱ्यांपाशी लक्षात आलं, लिंबं राहिली. परत गेलो. लिंबं घेतली, हेल्मेट विसरलो. परत गेलो. हेल्मेट घेतलं, पार्किंगमध्ये खिसे चाचपले तर किल्ली नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आक्का किल्ली मुठीत धरून माझीच वाट बघत होत्या.

सत्तरीची, काटकुळी बाई. साडीवर पुरुषी बिनबाह्यांचा स्वेटर, तोही भर मे महिन्यात. पुढे कळलं की बाराही महिने तोच, कारण त्याला खिसा होता आणि खिशात मिश्रीची डबी होती.

"सायेब, एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "तुमी हितं आलाय, का नुसती तुमची पिशवी आलीया?"

मी पुणेकर. उत्तर देणं भाग होतं. म्हणालो, "किल्ली सांभाळल्याचे किती झाले?"

"किल्ली फुकट हाय," आक्का शांतपणे म्हणाल्या. "दोन वाजता मी मोकळी आसते. या. अर्धा घंटा बसा."

"कशाला?"

"हुडकाय."

"काय?"

"तुमाला."

मंडईत दुपारी दोनला एक जादू होते. सकाळपासून ओरडणारे सगळे गळे एकदम बंद होतात. कुणी पोत्याला टेकून डुलकी काढतं, कुणी डबा उघडतं. आक्का तेव्हा ओलं फडकं घ्यायच्या, घट्ट पिळायच्या आणि लिंबांच्या ढिगावर पसरायच्या. ते फडकं पडलं की धंदा बंद. मग गाळ्यामागच्या बोळात रिकामी बारदानं अंथरली जायची आणि त्यावर पंधरा-वीस माणसं येऊन बसायची. फुलं विकणाऱ्या दोघी, एक चार्टर्ड अकाउंटंट, पीएचडी लांबलेली एक मुलगी, एक रिक्षावाले, आणि मधोमध कांबळे मॅडम. सरकारी नोकरीत मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या. आवाज असा की त्यांनी "नमस्कार" म्हटलं तरी आपली फाईल कुठे अडकली आहे असं वाटावं.

कांबळे मॅडमचं घर बौद्ध. लहानपणापासून विहारात जाणाऱ्या. पहिल्या दिवशीच त्यांनी आक्कांना स्पष्ट सांगितलं होतं म्हणे, "आक्का, मी नाम घेणार नाही. आमच्याकडे नुसता श्वास बघतात." त्यावर आक्का म्हणाल्या होत्या, "मंग नुसता बगा की. नाकं काय येगयेगळी हायेत का?" संपला विषय. त्या दोघींमध्ये धर्मावर झालेली ही पहिली आणि शेवटची चर्चा.

मी पहिल्यांदा गेलो तो गुरुवार बघून गेलो. अनुग्रह म्हणजे काही तरी सोहळा असणार, म्हणून पांढरा झब्बा, हातात ताटली, ताटलीत नारळ, वर शाल. आक्कांनी नारळाकडे बघितलं.

"ह्यो कुठनं घेतलास?"

"इथेच, पलीकडच्या ओळीत."

"मंडईत नारळ इकत घिऊन मंडईतच आणलास?" पीएचडीवाली मुलगी हसू दाबत होती. "जा, ज्याचा त्याला दिऊन ये. शाल घरी ने. थंडीची बायकूला दे."

मी परत आलो तर म्हणाल्या, "बस." बसलो. त्या वाकल्या, मिश्रीचा वास आला, आणि त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "श्वास आत जातुया तवा सो. भाईर येतुया तवा हं. ते तू म्हनायचं न्हाई. ते आपसूक चाललंया. तू फकस्त ऐकायचं." आणि सरळ होऊन मोठ्याने म्हणाल्या, "झालं. पाठ ताठ."

एवढंच? मी वाट बघत राहिलो. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. मीही मिटले. पहिली पाच मिनिटं मी त्या नारळवाल्याने पैसे का परत दिले नाहीत याचा विचार केला. सहाव्या मिनिटाला मात्र, देवाशपथ, मला माझा श्वास ऐकू आला! आत जाताना एक, बाहेर येताना दुसरा. पंचेचाळीस वर्षं हे यंत्र माझ्या नाकाखाली चाललं होतं आणि मी एकदाही तिकडे बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी डोळे उघडून शेजारच्या रिक्षावाल्यांना हलवलं आणि म्हणालो, "अहो, ऐकू येतंय!"

"आता मला यायचं थांबलं," ते म्हणाले.

उठताना मी हरखून म्हणालो, "आक्का, आता लिंबं तुमच्याकडूनच. आयुष्यभर!"

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "आता तुला लिंबू न्हाई. जा, तात्याकडनं घे."

तात्या म्हणजे समोरच्या गाळ्यावरचे लिंबूवाले, आक्कांचे तीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. त्यांनी लगेच पिशवीचं तोंड उघडून धरलं. त्यांना सवय होती.

तर असा तो नियम. आक्का ज्याला शिकवायच्या त्याच्याकडून काही घ्यायच्या नाहीत. फूल नाही, चहा नाही, आणि मालाची विक्रीसुद्धा नाही. ध्यान शिकलेला माणूस आक्कांच्या गाळ्यावरचं गिऱ्हाईक म्हणून कायमचा बाद. रोज बारदानावरून उठलेली वीस माणसं आक्कांच्या टवटवीत लिंबांसमोरून मान खाली घालून जायची आणि तात्यांकडे रांग लावायची. कुणी नवा माणूस आक्कांना विचारायचा, "ध्यानाने काय फायदा होतो?" तर त्या हनुवटीने समोर दाखवायच्या. "फायदा तात्याला इचार."

एकदा मी विचारलं, हा नियम आला कुठून? आक्का रंगात होत्या. डबी काढली, हिरडीला मिश्री लावली. (मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "आक्का, गुरूला व्यसन?" तर म्हणाल्या, "दोनी एकाच वर्षी लागली. ध्यान सुटंना, मिश्री बी सुटंना. देवानं काय ती निवड करावी.")

"माझा गुरू म्हंजे अण्णा," त्या सांगू लागल्या. "पेठंतला, हापिसात कारकून. दर गुरुवारी माझ्याकडनं दोन लिंबं न्यायचा. माझा मालक गेला त्या वर्षी मी गाळ्यावर बसायची, पर डोस्कं जाग्यावर नसायचं. मापात चुकायची. एका गिऱ्हाइकाला दोनदा माल दिला. अण्णानं बगितलं, चार गुरुवार बगितलं, मंग म्हनला, बाई, दुपारी बस माझ्यासंगं. शिकवलं. मी जागंवर आले. म्हनलं, अण्णा, आता तुमाला लिंबं माझ्याकडनं, जन्मभर. तर पुढल्या गुरुवारी अण्णा समोर तात्याकडं! माझ्या डोळ्याम्होरं! मी रडले. म्हनलं, माझी लिंबं कडू झाली का? तर म्हनतोय कसा, तू दोनावर चार जादा घालशील. मंग मी ते शिकवलं नसंल, इकलं आसंल."

"आणि त्यांना कुणी शिकवलं?"

"त्याचा गुरू न्हावी हुता. अण्णानं अनुग्रह घेतला, त्या दिसापास्नं त्यानं अण्णाच्या डोस्क्याला हात लावला न्हाई. दुसरीकडं कर म्हनायचा हजामत."

मी भारावून गेलो. म्हणजे ही सगळी परंपराच हक्काची गिऱ्हाइकं तोडत आलेली! जगात असा धंदा कुणी केला नसेल.

"अण्णानं जाताना येकच सांगितलं," आक्का म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. "शिकनाऱ्याकडनं ज्या दिशी मोबदला येईल, त्या दिशी बारदान गुंडाळ. इकायला तुझ्याकडं लिंबं हायेत. हे इकू नको. मी हात दिलाय त्याला, वचनाचा."

हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्या या दोन कानांनी. म्हणजे पुढे जे मी केलं त्याला अज्ञानाचीही सबब नाही.

आक्का "मन शांत करा" असं कधी म्हणायच्या नाहीत. एकदा अकाउंटंट साहेब कळवळून म्हणाले, "आक्का, डोक्यात फार विचार येतात हो." आक्का म्हणाल्या, "मंडईत राहून वरडू नका म्हनून कुनी ऐकतं का? वांगी घ्या, भेंडी घ्या, वरडनारच. वरडंना. तू समदं इकत घिऊ नको म्हंजे झालं." ते वाक्य मी घरी येऊन फ्रिजवर चिकटवलं. सीमाने वाचलं आणि त्याखाली लिहिलं, 'पण भेंडी आण.'

फारच चुळबुळ करणाऱ्यांसाठी आक्कांचा वेगळा उपाय होता. त्या फडक्याखालून एक लिंबू काढून तळहातावर ठेवायच्या. "हे गरम हुईस्तवर उठायचं न्हाई." मला पहिले सहा महिने लिंबू होतं. गार, ओलं, जड. त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, श्वास ऐकायचा, आणि हळूहळू ते आपल्या अंगाएवढं गरम व्हायचं. मग ते परत ढिगात ठेवायचं. एकदा मी तंद्रीत ते खिशात घालून घरी नेलं. तंद्रीतच सरबत करून प्यायलो. आठवलं तेव्हा पेला रिकामा होता. दुसऱ्या दिवशी कबुली दिली तर आक्का म्हणाल्या, "कसं लागलं?"

"गोड."

"साकर जास्ती झाली आसंल."

गुरुपौर्णिमेला तर आक्कांची गंमतच असायची. कुणी फुलं आणली तर "गणपतीला वाहा" म्हणून सांगायच्या. पाया पडू द्यायच्या नाहीत. दोनच्या आधी गाळ्यावरून उतरायच्या, बोळ ओलांडून तात्यांकडे जायच्या, आणि स्वतः लिंबूवाली असून तात्यांकडून रोख दोन लिंबं विकत घ्यायच्या. अण्णा घ्यायचे तशी. तात्या त्या दिवशी त्यांच्याशी भावावरून भांडायचे नाहीत. एरवी भांडायचे.

आता हत्ती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की आक्कांचा गाळा ओस पडतोय. एक तर लोक मोबाइलवर बोट दाबून भाजी घरी मागवायला लागले. त्यात मेट्रोचं स्टेशन झाल्यापासून ध्यानाला येणारे वाढले, म्हणजे आक्कांची तितकी गिऱ्हाइकं घटली. फडकं काढलं की ढीग सकाळचाच असायचा. लिंबांच्या साली सुरकुतायला लागल्या. आक्का प्रत्येक लिंबू पदराला पुसून परत मांडायच्या, आणि गिऱ्हाईक सहा पावलांवर तात्यांकडे जायचं.

मला ते बघवेना. आणि मला एखादी गोष्ट बघवेनाशी झाली की मी योजना आखतो. आमच्या घरातला गिझर, सीमाच्या बहिणीचं लग्न आणि सोसायटीचं पाणी या तिन्हींना माझ्या योजनेचा अनुभव आहे.

ऑफिसच्या कँटीनवाल्याला, गणेशला, मी बाजूला घेतलं. "रोज लिंबू सरबत ठेव. सगळ्यांना हवंय." कुणालाच नको होतं, जानेवारी चालू होता. "लिंबं मंडईतून घ्यायची. ढमाले आक्का. आणि माझं नाव काढायचं नाही."

योजना जोरात चालली. आक्का खुलल्या! "माझ्या लिंबाला दिस आलं," असं तात्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. ताजा माल यायला लागला. मी बारदानावर बसून डोळे मिटायचो आणि श्वासाऐवजी स्वतःची पाठ थोपटलेली ऐकायचो. तीन आठवडे.

आक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण चित्र त्या एकदा बघितलं की विसरत नसत. माझ्या ऑफिसने आम्हा सगळ्यांना एक कापडी पिशवी दिली होती, तिच्यावर निळा पक्षी. बारदान टोचतं म्हणून मी रोज ती पिशवी खाली घालून बसायचो. एके दिवशी गणेशचं पोतं फाटलं. त्याने लिंबं न्यायला ऑफिसातून काय आणावं? निळा पक्षी.

त्या दुपारी मी पिशवी अंथरली. आक्का पक्ष्याकडे बघत राहिल्या.

"तुझ्या हापिसात लय लिंबं लागत्यात का?"

माझे कान गरम झाले. खोटं बोलताना माझे कान गरम होतात, हे लहानपणापासूनचं. "हो, म्हणजे… ऊन फार आहे ना."

"जानेवारीत?"

त्यांनी नेहमीसारखं बसवलं. अर्धा तास झाला. "उठा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दोन वाजता आम्ही गेलो तर ढिगावर फडकं नव्हतं. बारदानं गुंडाळून, सुतळीने बांधून कोपऱ्यात उभी होती. आक्का तराजूमागे बसल्या होत्या.

"आजपास्नं बंद," त्या म्हणाल्या. "शिकनाऱ्याकडनं मोबदला आला. मला ठावं नव्हतं, पर आला. अण्णाला हात दिलाय मी."

बोळात वीस माणसं उभी. मग कांबळे मॅडमनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्या कानांवर येऊन थांबली.

"साठे," त्या म्हणाल्या, "काय केलंत तुम्ही?"

सांगितलं. रिक्षावाले कपाळावर हात मारून खाली बसले. पीएचडीवाली मुलगी रडायलाच लागली. तिचा प्रबंध त्या अर्ध्या तासावर चालला होता.

त्या संध्याकाळी मी गणेशची खरेदी थांबवली. पण आलेलं परत कसं जाणार? दुसऱ्या दिवशी मला साक्षात्कार झाला: गेली तेवढी लिंबं परत आणायची! तात्यांच्याच ओळखीने घाऊक मालाची दोन पोती उचलली, स्कूटरवर पुढे-मागे लादली, आणि मंडईच्या तोंडाशी वळताना पुढचं पोतं उसवलं. मी, स्कूटर आणि शेकडो लिंबं! रस्ताभर पिवळंधमक! बस थांबली. शाळेची मुलं गोळा करायला धावली. एक आजोबा पिशवीत भरता भरता मला विचारत होते, "कुणाच्या प्रचाराचं आहे?" उरलेलं पोतं पाठीवर घेऊन, गुडघा फुटलेला, मी आक्कांसमोर उभा राहिलो.

आक्कांनी पोत्याकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं. हसू आलं असावं, पण ते त्यांनी मिश्रीखाली दाबलं.

"ही परत घ्या," मी म्हणालो. "फिटलं."

"काय फिटलं? त्यांनी लिंबं नेली, पैसं दिलं. त्यात उधारी कुटं हाय? तू शिकनारा हायेस, हे दुखनं हाय."

मागे सगळे जमले होते. दोन वाजलेच होते. सवयीने आलेले, जाणार कुठे? कांबळे मॅडम म्हणाल्या, "आक्का, चूक एकाची. बंद सगळ्यांचं?"

"ह्यो दंड न्हाई, मॅडम. वचन हाय."

आणि मला एकदम दिसलं. अगदी लख्ख. लिंबू तळहातावर दिसतं तसं.

"आक्का," मी म्हणालो, "मी शिकणारा आहे कुठे? मला काही आलंच नाही! विचारा कुणालाही. पहिल्याच दिवशी मी यांना हलवून उठवलं. सहा महिने मला लिंबू लागलं. तेही पिऊन टाकलं. डोळे मिटून मी योजना आखतो. अण्णांचं वाक्य ऐकलं, तरी हे करून बसलो. हेल्मेट? मागच्या आठवड्यात परत विसरलो, तात्यांकडे आहे." तात्यांनी पलीकडून हेल्मेट उंच करून दाखवलं. "जे मला पोचलंच नाही, त्याचा मोबदला मी कसा देईन? मी गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाने गिऱ्हाईक पाठवलं."

मग कांबळे मॅडम हळूच म्हणाल्या, "मुद्दा टिकतो."

आक्का माझ्याकडे बघत होत्या. मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोललो होतो, आणि माझे कान गार होते. आत सो, बाहेर हं. साफ ऐकू येत होतं.

"गिऱ्हाईक हितं बसत न्हाई," आक्का म्हणाल्या. "कळतंय ना? पुन्यांदा कंदी न्हाई."

"कळतंय."

"बग."

"बघितलं." मी खिशातून नाणं काढून ओट्यावर ठेवलं. "दोन लिंबं द्या."

आक्कांनी ढिगातून एक घेतलं, ठेवलं. दुसरं घेतलं, ठेवलं. सगळा ढीग धुंडाळून त्यांनी दोन लिंबं निवडली, पदराला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. नाणं उचलून डब्यात टाकलं. जादा एकही घातलं नाही. मग ओलं फडकं घेतलं, पिळलं आणि ढिगावर पसरलं. मागे बारदानांची सुतळी सुटल्याचा आवाज आला. कांबळे मॅडम आत जाता जाता माझ्यापाशी थांबल्या, आणि त्या मोठ्या आवाजाच्या बाईने नुसते हात जोडले.

मी बोळात उभा राहिलो, आक्कांचं कायदेशीर गिऱ्हाईक! उरलेल्या पोत्याचं काय झालं? तात्यांनी ते पडत्या भावाने माझ्याकडूनच विकत घेतलं. फायदा तात्यालाच.

आता आक्का मंडईत नाहीत. गुडघे बोलायला लागले, तेव्हा लेक त्यांना मुळशीकडे गावी घेऊन गेली. बारदानं कांबळे मॅडमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये आहेत. त्यांनी मला दोनदा बोलावलं; मी गेलो नाही. शब्द दिलाय. माझ्या ऑफिसातला एक घाबराघुबरा पोरगेला सहकारी मात्र हल्ली जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी डोळे मिटून बसतो. मी त्याला जे ऐकलं तेवढं सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी मला चहा आणला. मी तो त्यालाच प्यायला लावला.

आक्का जायच्या आधीची ती शेवटची गुरुपौर्णिमा. मी रोजच्यासारखा दोनला मंडईत गेलो होतो. बसायची मनाई होती. गिऱ्हाइकाने उभं राहू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. आक्कांकडून घेतलेलं लिंबू तळहातावर घेऊन मी तात्यांच्या गाळ्यालगत खांबापाशी उभा राहायचो, डोळे मिटून, ते गरम होईपर्यंत. तात्या मला गाळ्यावर येऊन बसणाऱ्या मांजरासारखं खपवून घ्यायचे.

त्या दिवशी पावलं वाजली. फरपटत येणारी, ओळखीची. बोळ ओलांडून आक्का आल्या होत्या, अण्णांच्या दोन लिंबांसाठी. मी डोळे उघडले नाहीत. गुरुपौर्णिमा म्हणून तात्या भावावरून भांडले नाहीत. लिंबं पदरात पडल्याचा आवाज आला. मग पावलं माझ्यापाशी थांबली. मिश्रीचा वास आला.

"गिऱ्हाईक," आक्का म्हणाल्या, "पाठ ताठ."